टोमॅटो, गाजर आणि अर्धा मिलिमीटर

संध्याकाळी सहाच्या सुमाराला इंदूरच्या भंवरकुआं चौकात चालणंही अवघड असतं. क्लासची एक तुकडी सुटत असते, दुसरी भरत असते. खरगोन, बडवानी, बुऱ्हाणपूर, मंदसौर अशा कुठकुठल्या गावांतून आलेली मुलं पाठीला सॅक लावून चहाच्या गाड्यांभोवती उभी असतात. त्यांतल्या विज्ञान शिकलेल्या कुणालाही व्हर्नियर कॅलिपरचं लघुतम माप कसं काढायचं ते विचारा, सूत्र तोंडपाठ असतं. तीच मुलं खोलीवर जाऊन खिचडीसाठी भाजी चिरतात, तेव्हा हातातला चाकू नीट का चालत नाही याचं उत्तर त्याच सूत्राच्या आसपास आहे, हे मात्र सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही. माझ्याही आलं नव्हतं. ते आणून दिलं आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या बुऱ्हाणपूरच्या एका मुलानं आणि माझ्या आईच्या एका तक्रारीनं.

डिसेंबरातली गोष्ट. इंदुरात तेव्हा गराडू या कंदाचा आणि गाजरांचा हंगाम. आई गाजरं चिरत होती आणि प्रत्येक कापाला ‘कट्’ असा आवाज येत होता. चाकू अर्ध्यात पोचायच्या आधीच गाजर पुढून तडकायचं आणि चकती वाकडी निघायची. “परवाच धार करून घेतली,” आई म्हणाली, “टोमॅटो बघ कसा अलगद कापला जातोय. मग गाजरालाच काय धाड भरलीय?” वरचा मुलगा पाण्याची बाटली भरायला खाली आला होता. यांत्रिकी अभियांत्रिकीची पदवी घेऊन आता स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा. तो म्हणाला, “आजी, थांबा, माझ्याकडे कॉलेजातला कॅलिपर आहे. जाडी बघू.”

धारेबद्दल तक्रार, आणि हा जाडी कसली बघतोय, असं मला वाटलं. पण तोच बरोबर होता.

कापताना चाकू एकाच वेळी दोन कामं करत असतो. पहिलं काम अगदी टोकाचं. धारेची रेघ जितकी बारीक, तितका हाताचा दाब कमी जागेवर एकवटतो आणि सालाचा, पेशींचा तंतू तुटतो. दुसरं काम त्याच्या मागोमाग सुरू होतं. धार आत गेली की तिच्यामागचं पातं त्या फटीत शिरतं आणि दोन्ही बाजूंना रेटतं. म्हणजे पातं ही एक पाचरच. टोमॅटोचं साल चिवट, आत मऊ गर. साल तुटलं की पाचरीला वाट द्यायला गर तयारच असतो, त्यामुळे तिथं फक्त धारेची परीक्षा होते. गाजर कडक. ते बाजूला सरकत नाही, वाकत नाही. पाचर जाड असेल तर ते धारेची वाट न बघता पुढून फाटतं. तो ‘कट्’ आवाज कापण्याचा नाही, फुटण्याचा असतो. म्हणून टोमॅटो धारेची परीक्षा घेतो आणि गाजर जाडीची. आईचा चाकू पहिल्या परीक्षेत उत्तम गुणांनी पास झाला होता आणि दुसरीत नापास.

आता जाडी म्हणजे कुठली? चाकूच्या पाठीची जाडी सगळ्यांनाच दिसते, दुकानात आपण तीच बोटानं चाचपतो आणि ‘भक्कम आहे’ म्हणतो. कापण्याशी तिचा संबंध असतो, पण दूरचा. खरी महत्त्वाची जाडी असते ती धारेच्या लगेच वर. कुठलाही चाकू उजेडात तिरका धरून बघा. पात्याच्या कडेला एक अरुंद, वेगळी चमकणारी पट्टी दिसेल. दगडावर घासून तयार होते ती ही धारेची पट्टी. पट्टी जिथं संपते आणि पात्याचा रुंद गाल सुरू होतो, तिथली जाडी म्हणजे धारेमागची जाडी. भाजीच्या चांगल्या चाकूत ती अर्ध्या मिलिमीटरच्या आत असावी. नाजूक कामाच्या पातळ पात्यांत ती ०.२ ते ०.३ मिलिमीटर असते. कुऱ्हाडीत आणि नारळ फोडायच्या कोयत्यात ती मुद्दाम कितीतरी जास्त ठेवतात, कारण तिथं फोडणं हेच काम असतं आणि पातळ धार पहिल्याच घावाला वळली असती.

आमच्या चाकूची पाठ भरली २.२ मिलिमीटर. धारेमागची जाडी ०.७२.

हे माप घेण्यात एक गंमत आहे, आणि ती मला सगळ्यात जास्त आवडली. कॅलिपरपेक्षा सूक्ष्म मापक, म्हणजे आपल्या शाळेतला स्क्रू गेज, जास्त अचूक, असं आपण शिकतो. व्हर्नियरची पट्टी प्येर व्हर्निये या फ्रेंच माणसानं १६३१ मध्ये मांडली. स्क्रू गेजचं पेटंट झां लोरां पामेर या दुसऱ्या फ्रेंच माणसानं १८४८ मध्ये घेतलं. स्क्रू गेज मिलिमीटरचा शंभरावा भाग सहज दाखवतो. तरी चाकूच्या धारेमागं तो चुकीचं माप देतो. कारण त्याचे दोन्ही जबडे सपाट, गोल, साधारण साडेसहा मिलिमीटर व्यासाचे असतात. पातं धारेकडून पाठीकडे जाड होत जातं, म्हणून जबड्याची वरची कड आधी टेकते आणि आकडा तिथला येतो. चाळीस मिलिमीटर रुंदीत शून्यापासून दोन मिलिमीटरपर्यंत जाड होणारं पातं घ्या. दर मिलिमीटरला ते ०.०५ नं जाड होतं. साडेसहा मिलिमीटरच्या जबड्याची खालची कड आपल्याला हव्या त्या जागी ठेवली, तर आकडा सुमारे ०.३३ मिलिमीटरनं वाढून येतो. ज्या गोष्टीचं मापच ०.३ ते ०.७ च्या घरात आहे, तिच्यात ०.३३ ची चूक! उपकरण अचूक, उत्तर चूक.

कॅलिपरच्या बाहेरच्या जबड्यांना टोकाशी पातळ कड असते, ती इथं कामाला येते. त्या मुलानं तर याहून सोपी युक्ती दाखवली. मोजायची जाडी आधीच ठरवायची. कॅलिपर बरोबर ०.५० वर उघडून त्याचा स्क्रू कसायचा, मग ती फट धारेच्या बाजूनं पात्यावर हळूच चढवायची आणि जिथं अडकेल तिथं मार्करनं खूण करायची. खुणेपासून धारेपर्यंतचं अंतर मोजलं की अर्धा मिलिमीटर जाडी कुठं येते ते कळतं. चांगल्या पातळ चाकूत ही खूण धारेपासून चार-पाच मिलिमीटर वर असते. आमच्या चाकूत फट गालावर चढलीच नाही, धारेच्या पट्टीवरच अडकली. तीन जागी बघावं: मुठीजवळ, मध्यावर आणि टोकाकडे. तिन्ही ठिकाणचे आकडे क्वचितच सारखे येतात. जबडा धारेवर घासू नये, त्यात दोघांचंही नुकसान आहे. आणि मोजण्याआधी जबडे मिटवून पडद्यावर शून्य येतंय ना, ते बघावं. स्वस्तातला डिजिटल कॅलिपरही या कामाला पुरतो, दोन-तीन शतांश मिलिमीटरची चूक इथं चालते.

कॅलिपर नसेल त्यानं कागद वापरावा. साध्या छपाईच्या कागदाचं पाचशे पानांचं रीम जवळपास पाच सेंटिमीटर उंच भरतं, म्हणजे एक पान सुमारे ०.१ मिलिमीटर. दाढीचं साधं ब्लेडही ०.१ मिलिमीटरचंच असतं. पाच पानं एकत्र दाबून धरा आणि त्यांची कड चाकूच्या धारेमागच्या जाडीशेजारी ठेवून भिंगातून बघा. माप ढोबळ येईल, पण आपला चाकू पाच पानांचा की सात पानांचा, एवढं नक्की कळेल.

जाडी कळली की कोन काढता येतो. धारेच्या दोन पट्ट्या आणि धारेमागची जाडी मिळून एक छोटा समद्विभुज त्रिकोण होतो. जाडी हा पाया, पट्टीची रुंदी ही बाजू. पायाचा अर्धा भागिले बाजू म्हणजे अर्ध्या कोनाचं साइन, दहावीतली त्रिकोणमिती. आमच्या चाकूची पट्टी १.१ मिलिमीटर रुंद होती. ०.३६ भागिले १.१ म्हणजे ०.३२७, कोन आला १९ अंश. दर बाजूला एकोणीस, एकूण अडतीस. सर्वसाधारण घरगुती चाकूला दर बाजूला १५ ते २० अंश हे ठीक. म्हणजे कोनात फारसं वावगं नव्हतं.

पण ही सरासरी झाली. दोन्ही बाजूंचा कोन वेगवेगळा असेल तर? त्यासाठी आम्ही लेझर वापरला. इंदूर हे भारतातल्या लेझर संशोधनाचं एक मोठं ठिकाण. १९८४ साली इथं प्रगत तंत्रज्ञान केंद्राची पायाभरणी झाली, आज ते राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र म्हणून ओळखलं जातं. आम्हाला मात्र क्लासात फळ्यावर दाखवायला वापरतात तो साधा लेझर पॉइंटर पुरला. चाकूची मूठ पुस्तकांच्या गठ्ठ्याखाली दाबून पातं बाहेर काढायचं, धार वर करून, टेबलापासून बरोबर दहा सेंटिमीटर उंच. खाली पांढरा कागद. खोलीत अंधार करून वरून सरळ खाली धारेवर लेझर सोडायचा. दोन्ही पट्ट्या दोन छोट्या आरशांसारख्या वागतात आणि कागदावर धारेच्या डावी-उजवीकडे दोन ठिपके उमटतात. पट्टी जितक्या अंशांनी कललेली, त्याच्या दुप्पट अंशांनी किरण वळतो. म्हणून दहा सेंटिमीटर उंचीला १० अंशांच्या पट्टीचा ठिपका ३.६ सेंटिमीटरवर पडतो, १५ चा ५.८ वर, २० चा ८.४ वर आणि २५ चा जवळजवळ १२ वर. लेझरकडे किंवा त्याच्या परावर्तित किरणाकडे थेट बघू नये आणि लहान मुलांना त्या वेळी खोलीत ठेवू नये. धार वर असल्यामुळे हातही सांभाळावा.

आमच्या कागदावर एक ठिपका ९ सेंटिमीटरवर पडला, दुसरा ७ वर. म्हणजे एका बाजूला २१ अंश आणि दुसरीला साडेसतरा. धार लावणाऱ्याचा हात एका बाजूला सहज बसतो, दुसऱ्या बाजूला थोडा अवघडतो, हे त्या दोन ठिपक्यांत उमटलेलं होतं. शिवाय ठिपके टोकदार नव्हते, लांबट पसरलेले होते. पट्टी सपाट असली की ठिपका नेटका येतो, फुगीर असली की पसरतो. धारेच्या रचनेबद्दल इतकं काही सांगणारी याहून सोपी तपासणी मला माहीत नाही. इंग्लंडात शेफिल्ड इथं चाकूसुऱ्यांच्या धंद्याची एक संशोधन संस्था आहे, कात्रा नावाची. तिथंही कोन मोजायला लेझरचंच उपकरण वापरतात.

एक गोष्ट मात्र घरी मोजता येत नाही, आणि ती म्हणजे धारेच्या अगदी टोकाची गोलाई. चांगल्या धारेचं टोक मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहूनही बारीक असतं. प्रकाशाची तरंगलांबीच ०.४ ते ०.७ मायक्रॉन, त्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकाचाही तिथं निभाव लागत नाही, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. तरी घरातल्या बाईला हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे: धार वर करून दिव्याकडे बघायचं. धार चांगली असेल तर तिथं काहीच दिसत नाही. पांढरी रेघ चमकली की ती जागा बोथट. रेघ दिसते याचा अर्थ टोक इतकं रुंद झालंय की त्यावरून उजेड परत येतो.

आकड्यांच्या या खेळात जुनी अवजारं किती विचारानं घडवलेली होती, ते लक्षात येत गेलं. सलूनमधला जुना वस्तरा घ्या. त्याची पाठ मुद्दाम जाड ठेवलेली असते आणि पातं दगडावर आडवं ठेवलं की पाठ आणि धार दोन्ही टेकतात. पाठ ५ मिलिमीटर आणि रुंदी १८ मिलिमीटर धरली तर एकूण कोन येतो १६ अंश. कुणीही, कितीही वेळा धार लावा, कोन तोच राहतो. पाठ आणि धार दोन्ही बरोबरीनं झिजतात. कोनमापक वस्तऱ्याच्या अंगातच आहे.

आणि आपली विळी. आजीची विळी आमच्याकडे अजून आहे, पुढं खवणी, खाली सागवानी पाट. तिचं पातं पाठीला चार मिलिमीटर जाड, पण तिथून धारेपर्यंत सलग उतरत आलेलं. धारेमागं कॅलिपरनं आकडा दाखवला ०.४५. बाजारातून आणलेल्या नव्या विळीचं पातं सारख्या जाडीच्या पत्र्यातून कापलेलं, फक्त कडेला घासून धार काढलेली. धारेमागं १.१. आई म्हणायची की नव्या विळीवर लाल भोपळा चिरताना खांदा दुखतो. ते वयामुळं असं आम्ही समजत होतो.

आमच्या चाकूचं नेमकं काय बिघडलं, त्याचाही हिशेब सरळ आहे. धार लावली की पोलाद झिजतं आणि धार थोडी वर सरकते. पाचरीच्या जाड भागात सरकते. चौदा वर्षांत आमच्या चाकूची रुंदी ४४ मिलिमीटरवरून ३८ झाली होती. गालाचा उतार दर मिलिमीटरला ०.०४. सहा मिलिमीटर झिजले म्हणजे ०.२४ ची वाढ. ०.७२ मधून ते वजा करा, नवा असताना चाकू अर्ध्या मिलिमीटरच्या आत होता. दर वेळी धार चकचकीत निघत होती, आणि दर वेळी चाकू थोडा जास्त जाड होत होता. धारवाल्याचा यात दोष नाही. आपण त्याला धार लावायला सांगतो, तो धार लावून देतो.

खेड्यातला लोहार हे जाणून होता. नांगराचा फाळ किंवा कुऱ्हाड बोथट झाली की शेतकरी ती ‘शेवटून’ आणायचा. लोहार नुसतं घासून देत नसे. तापवून, ठोकून, पुढचा भाग पुन्हा पातळ ओढायचा, मग पाणी द्यायचा. म्हणजे धारेआधी तो धारेमागची जाडी पूर्वपदावर आणायचा. हा शब्द आता शहरात कानावर पडत नाही, आणि शब्दाबरोबर ती मागणीही गेली.

पातं किती पातळ करावं याला अर्थात पोलाद मर्यादा घालतं. मऊ पोलाद फार पातळ केलं तर धार वळते, फार कडक असेल तर तिचे टवके उडतात. आपल्या देशातल्या वूट्झ पोलादाचं नाव झालं ते धार टिकवण्याच्या गुणामुळं. १७९४ च्या सुमाराला मुंबईतल्या डॉ. हेलेनस स्कॉट यांनी या पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे धाडले. जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर १७९५ मध्ये निबंध वाचला आणि जेम्स स्टोडार्ट या चाकू-कात्र्या घडवणाऱ्या कारागिरानं त्यातून पाती घडवून पाहिली. पुढं याच स्टोडार्टबरोबर मायकेल फॅरेडेनं पोलादाचे प्रयोग केले. चाकूवाल्याच्या दुकानातल्या प्रश्नानं फॅरेडेला कामाला लावलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

जाता जाता कायद्याचंही सांगायला हवं. आपल्या शस्त्रविषयक नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे, आणि घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी केलेली पाती त्यातून वगळली आहेत. लांबी आणि रुंदी मोजली जाते. जाडीकडे कायदाही बघत नाही, गिऱ्हाईकही नाही.

पुढच्या आठवड्यात सायकलवर सहाण बसवलेला धारवाला गल्लीत आला. आईनं चाकू हातात देत सांगितलं, “भैया, सिर्फ धार मत करना, बगल से भी पतला कर दो, दोनों तरफ से.” त्यानं क्षणभर तिच्याकडे बघितलं आणि विचारलं, “मावशीजी, लोहार के घर से हो क्या?” मग पातं जवळजवळ आडवं धरून दोन्ही गाल धारेपासून बोटभर वरपर्यंत घासले. मध्ये मध्ये पाण्यात बुडवत होता, कारण पातं तापून निळसर झालं तर तिथलं पोलाद मऊ पडतं आणि धार टिकत नाही. वीस मिनिटं लागली. नेहमीच्या दुप्पट पैसे त्यानं मागितले, आईनं कुरकुर न करता दिले.

तुमच्या घरी धारवाला येईल तेव्हा त्याला हेच सांगा, आणि जास्तीच्या मेहनतीचे पैसे द्या. आधी एक गाजर आडवं कापून बघा, नंतर एक. आमच्या फडताळाच्या दाराच्या आतल्या बाजूला त्या मुलानं पेन्सिलीनं दोन ओळी लिहून ठेवल्या आहेत. पहिल्या ओळीत डिसेंबरची तारीख आणि ०.७२. दुसऱ्या ओळीत त्यानंतरच्या आठवड्यातली तारीख आणि ०.३८.